उत्तम जेवणाला एकच तारा?

संथचर्वण:
नव्यानेच उघडलेल्या एका रेस्टॉरंटविषयीचा अभिप्राय काल वाचला आणि झोप उडाली. लिहिणाऱ्याच्या मते तिथले जेवण ‘अनेक वर्षांत खाल्लेले सर्वोत्तम’ होते. तरीही पहिला पदार्थ यायला ५० मिनिटे लागली म्हणून त्याने पाचपैकी एकच तारा दिला आणि वर ‘कोणीही जाऊ नये’ असे बजावले. ज्या ठिकाणी प्रत्येक पदार्थ मागणीनंतर रांधायला घेतला जातो, तिथे वेळ लागणारच. पाच मिनिटांत ताट पुढे येते तेव्हा ते सकाळीच शिजून ठेवलेले असते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. रोममधल्या फास्ट फूडच्या विरोधातून १९८६ साली इटलीतल्या कार्लो पेत्रिनी यांनी ‘स्लो फूड’चा विचार मांडला, तो उगाच नव्हे.

घड्याळवाली:
स्लो फूडचा संबंध धान्य कसे पिकवले आणि परंपरेने कसे रांधले याच्याशी आहे, पाहुण्याला ताटकळत ठेवण्याशी नाही. त्या चळवळीचे बोधचिन्ह गोगलगाय आहे म्हणून वेटरनेही गोगलगाय व्हावे, असे त्यांच्या जाहीरनाम्यात कुठेही म्हटलेले नाही. आता माझा अनुभव ऐका. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. ‘पंधरा मिनिटांत आणतो’ असे वेटरने सांगितल्यावर त्यांनी जेवणाआधीचे इन्सुलिन घेतले. चाळीस मिनिटांनंतर रक्तातली साखर उतरून त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि समोर काहीही नव्हते. शेवटी शेजारच्या टेबलावरची साखर मागून त्यांना खायला दिली. त्यानंतर आलेले जेवण अप्रतिम होते, हे मी नाकारत नाही. पण त्याची चव आमच्यापैकी एकालाही आठवत नाही.

संथचर्वण:
वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. तथापि एका आजारी माणसाच्या अनुभवावरून सर्व रेस्टॉरंटांचा न्याय करू नये.

घड्याळवाली:
मग एका रुचकर जेवणावरून तरी तो का करावा?

माजी कॅप्टन:
अकरा वर्षे या धंद्यात, वेटरांचा प्रमुख म्हणजे कॅप्टन म्हणूनही, घालवली आहेत, म्हणून राहवले नाही. नव्या ठिकाणी उशीर होतो त्याचे कारण ‘प्रेमाने रांधणे’ नसते. फ्रेंच आचारी एस्कॉफिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किचनची विभागणी पक्की केली, तेव्हापासून प्रत्येक विभाग आपापले काम करतो. पण एका टेबलाचे सर्व पदार्थ एकत्र निघायचे असतात, त्यामुळे सर्वांत मंद विभागाचा वेग हाच त्या टेबलाचा वेग ठरतो. नव्या किचनमध्ये कोणाचा हात कुठे जायला हवा हे अजून बसलेले नसते, मेनू हौसेने लांबलचक केलेला असतो आणि मालक दार उघडताच सगळी टेबले एकदम भरतो. मग वीस केओटी, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, एकाच वेळी आत येतात. सुरुवातीचे काही दिवस निम्मीच टेबले लावावीत आणि पाहुण्यांना दहा-दहा मिनिटांच्या अंतराने बसवावे, हे मी तीन मालकांना सांगून पाहिले. तिघांनीही मान डोलावली आणि तिघांनीही ऐकले नाही.

आकडेमोडे:
याचे गणित जुने आहे. रांगांचा अभ्यास डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी १९०९ मध्येच मांडला होता. किचनमधून तासाला ३० ताटे निघत असतील आणि ४० ताटांची मागणी आधीच साचलेली असेल, तर त्यांतल्या शेवटच्या पाहुण्याला ८० मिनिटे थांबावे लागणार. हा हिशेब दारावरच्या माणसाला पाहुण्यांना बसवण्यापूर्वीच करता येतो. म्हणजे ‘पंधरा मिनिटे’ हे उत्तर अज्ञानातून नव्हे, तर बेफिकिरीतून येते.

भुकेलेला क्रमांक नऊ:
सगळे बोलत आहेत, पण पार्सलविषयी कोणीच का बोलत नाही? मागच्या महिन्यात मी तासभर बसून होतो आणि तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांदेखत डिलिव्हरीवाली मुले एकामागून एक पिशव्या घेऊन गेली. आम्ही कपडे बदलून, वाहन काढून आलो, आणि आमच्या आधी जेवला तो घरी लोळणारा माणूस!

माजी कॅप्टन:
कारण ॲपवर घड्याळ चालू असते. तिथे उशिराची नोंद होते, तुमच्या टेबलावर होत नाही. ज्याचे घड्याळ दिसते त्याचे ताट आधी निघते.

भुकेलेला क्रमांक नऊ:
हे आपण इतक्या शांतपणे सांगता? म्हणजे समोर बसलेल्याला फसवणे हीच या धंद्याची रीत म्हणायची!

माजी कॅप्टन:
रीत कशी आहे ते सांगितले, तिचे समर्थन केलेले नाही. दोन्हींतला फरक कळत नसेल तर माझा नाइलाज आहे. भाडे पाहुण्यांच्या गर्दीच्या चार तासांतून निघत नाही, म्हणून मालक पार्सल घेतो. तुम्हीही घरी मागवत असालच.

भुकेलेला क्रमांक नऊ:
मागवतो, पण पार्सलसाठी वेगळी माणसे नसतील तर गर्दीच्या वेळी ते बंद ठेवा, एवढीच माझी मागणी आहे.

घड्याळवाली:
मला तर पार्सलपेक्षा वेटरचे नजर चुकवणे जास्त टोचते. आत काय चालले आहे हे त्याला ठाऊक असते, सांगायला तोंड नसते, म्हणून तो आपल्या टेबलाला वळसा घालून जातो. ‘अजून अर्धा तास लागेल, तोवर काही हलके आणू का’ एवढे एक वाक्य आले असते, तर वडिलांवर ती वेळ आली नसती.

माजी कॅप्टन:
हे मात्र खरे आहे. मी स्वतः वळसा घातलेला आहे.

संथचर्वण:
ठीक आहे, खोटी वेळ सांगणे हा दोष आहे, हे मान्य. आकडेमोड्यांचे गणितही मान्य, जरी जेवायला जाताना एर्लांग यांना सोबत न्यावे लागेल असे मला वाटले नव्हते. पण एक तारा? ज्या आचाऱ्याने त्या गोंधळातही उत्तम रांधले, त्याने मालकाच्या हव्यासाची शिक्षा का भोगावी?

घड्याळवाली:
ताऱ्यांत आचारी आणि मालक वेगळे करता येत नाहीत, ही माझी चूक नव्हे. तरीही तीन दिले असते, एवढे मी आपल्यासाठी कबूल करते. वडिलांचे इंजेक्शन मात्र आता ताट समोर आल्यावरच पिशवीतून बाहेर निघते.