जळगावात कॉलेजच्या ख्रिस्ती मुलांसाठी गट सुरू करायचाय, सल्ला हवा

गिरणाकाठ

जय ख्रिस्त मंडळी. मी मूळचा नंदुरबार जिल्ह्यातला. एमएस्सीला जळगावला आलो आणि नोकरी लागली तसा इथलाच झालो. मी आणि बायको पिंप्राळ्याकडे भाड्याने राहतो.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) रविवारी आठ-दहा कॉलेजची पोरं येतात. शेवटच्या बाकावर बसतात, आशीर्वाद झाला की चपला घालून पसार. नंतर कोणी इंजिनिअरिंगचा, कोणी बीएस्सीचा, दोघं-तिघं पुलापलीकडे बांभोरीला विद्यापीठात, एवढंच कळतं. एका मुलाला विचारलं, "अख्ख्या आठवड्यात कोणाशी बोलतोस?" तो म्हणाला, "रूम पार्टनरशी, तोही मोबाईलमध्ये असतो."

माझीही पहिली दोन वर्षं अशीच गेली होती. म्हणून वाटतं, आठवड्यातून एकदा एकत्र बसावं, बायबल वाचावं. पण सुरुवात कुठून करू? मंडळीत, घरी की कॉलेजात? कॉलेजची परवानगी लागते का? एखाद्या संस्थेशी जोडून घ्यावं का? पाळकसाहेबांचा आशीर्वाद आहे, पण ते म्हणाले, "तरुण संघाचं काय झालं ते तुला माहीतच आहे." (माहीत आहे. तिसऱ्या महिन्यात फक्त अध्यक्ष उरला होता.)

तापीलाईन

भाऊ, कसा शेस? पहिली गोष्ट, रविवार विसर. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या पट्ट्यातली पोरं शनिवारी दुपारी पॅसेंजर धरतात आणि सोमवारी सकाळी धुतलेले कपडे अन् आईने दिलेली चटणी घेऊन परततात. तुला रविवारी दिसतात ते आठ-दहा म्हणजे ज्यांना घरी जाता आलं नाही ते. बाकीचे तू पाहिलेलेच नाहीत.

बुधवार धर. मेसची वेळ साडेसात-आठ असते, त्याच्या आधी एक तास. किंवा सरळ घरी जेवायलाच बोलव. आमच्या वेळी एक रेल्वेतले काका भुसावळला दर बुधवारी खिचडी करायचे. आम्ही खिचडीसाठीच जायचो, खोटं कशाला बोलू. काकांनाही ते ठाऊक होतं. तीन वर्षांत त्यांनी एकदाही "आता प्रार्थना कोण करणार?" असं विचारून कोणाला कोपऱ्यात गाठलं नाही. एक दिवस मीच केली.

ताई_धुळे

मी विद्यार्थी असताना ईयूमध्ये, म्हणजे यूईएसआयच्या कॉलेजातल्या गटात होते, म्हणून संस्थेबद्दल थोडं सांगते. युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया, म्हणजे यूईएसआय, १९५४ पासून आहे, कार्यालय चेन्नईला. त्यांच्या कामाचा कणा म्हणजे विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना सांभाळायचं. मोठ्यांनी चालवलेला 'युथ प्रोग्राम' तिथे नसतो. अभ्यास विद्यार्थी घेतो, हिशेब विद्यार्थी ठेवतो, आणि तुझ्यासारखे नोकरीला लागलेले पदवीधर मागे उभे राहतात. तुझ्याकडे कॅथलिक मुलं येत असतील तर त्यांची आयकफ (ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन) आहे, १९२४ ची. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट त्याहून जुनी, १९१२ ची, तिचा कल सामाजिक प्रश्नांकडे जास्त. तिघांची धाटणी वेगळी आहे.

माझं मत विचारशील तर आधी सहा महिने पाटी न लावता बसा. नंतर यूईएसआयच्या राज्य शिबिराला दोन मुलं पाठव. पाटी आधी लागली की निवडणूक होते, निवडणूक झाली की भांडण.

अभ्यासाला मार्कचं शुभवर्तमान घे. सर्वांत छोटं, गोष्ट भरभर पुढे जाते, आणि अध्याय सोळा, म्हणजे आठवड्याला एक धरला तर एका सेमिस्टरमध्ये बसतात असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात सबमिशन, प्रॅक्टिकल, गॅदरिंग यात आमचे कधी दहाच्या पुढे गेले नाहीत! प्रवचन देऊ नकोस. उतारा मोठ्याने वाचायचा, मग इथे काय घडलं, याचा अर्थ काय, माझं काय, एवढंच विचारायचं. पहिल्या प्रश्नावरच जास्त वेळ थांब. पोरं थेट तिसऱ्यावर उडी मारतात आणि मग सगळ्यांचं उत्तर एकच, "आपण देवावर विश्वास ठेवला पाहिजे." वाचलं कोणीच नसतं.

भुसावळ_जंक्शन

चांगली साऊंड सिस्टीम आणि गिटारवाला बघा. आजकालची पोरं वर्शिपला येतात.

तापीलाईन

येतात. साऊंड परत करायच्या दिवशी जातातही.

निवृत्त_मास्तर

मी ख्रिस्ती नाही. तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, त्यातली काही वर्षं वसतिगृहाचा रेक्टर होतो. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

कॉलेजच्या आवारात घेऊ नका. संविधानाच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, अज्ञान (अठराच्या आतला) असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, त्यात बसवता येत नाही. तुमचा गट म्हणजे कॉलेजचं शिक्षण नव्हे, हे मला कळतं. पण नोटीस बोर्डावर कागद लागला की हा फरक ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही. घरी बसा.

दुसरं. कलम २५ ने धर्म पाळायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिला आहे. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपल्या खानदेशला एकीकडून गुजरात, दुसरीकडून मध्य प्रदेश. दोन्हीकडे धर्मांतरावर स्वतंत्र कायदे आहेत. नवापूरचं स्टेशनच अर्धं गुजरातेत आहे, तेव्हा शिबिर कुठे घेताय ते आधी नकाशात बघा आणि एका वकिलाला विचारा.

तिसरं, वय. अकरावी-बारावीची मुलं अज्ञान, एफवायचीही काही सतराचीच असतात. त्यांच्या घरी फोन करा. आडून नको, सरळ सांगा की रविवारी चर्चला येतो तो तुमचा मुलगा बुधवारी आमच्याकडे जेवेल, बायबल वाचू.

एक प्रसंग सांगतो. एका गटाने स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाटली, पण सभेला येणाऱ्यांनाच. देणाऱ्याच्या मनात काही काळं नव्हतं, मी त्याला ओळखत होतो. पण बाहेर शब्द गेला 'प्रलोभन'. आठवड्यात पोरांना खोल्या सोडाव्या लागल्या. तेव्हा मला एवढंच विचारायचंय, जो पोरगा प्रार्थनेला बसणार नाही, त्यालाही तुम्ही पुस्तक द्याल का?

गिरणाकाठ

सर, नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नाने रात्री झोप लागली नाही. जेवण आणि पुस्तकं बायबलच्या वेळेपासून वेगळी ठेवावीत असं आम्ही दोघांनी ठरवलंय. शेजारच्या खोलीतल्या पोरांनाही बोलवू, जेवून जायची मुभा सगळ्यांना. खर्च आमच्या पगारातून, वर्गणी नाही.

नवापूरकडचा

दादा, भाषेचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे ख्रिस्ती होऊन तीन-चार पिढ्या झाल्या. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं गेल्या शतकाच्या सुरुवातीला आली, त्यांच्या कामातून मंडळ्या उभ्या राहिल्या. चिंचपाड्याचा दवाखाना तुम्हाला माहीतच असेल. म्हणजे ही पोरं नवी नाहीत. उलट इतकी जुनी आहेत की बायबल आजीचं, आपलं नाही, असं त्यांना वाटतं. घरी मावचीत, म्हणजे आमच्या आदिवासी बोलीत, प्रार्थना ऐकलेली, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी नोट्स. जळगावात तोंड उघडलं की हेल ऐकून हसतात, मग पोरगं गप्पच बसतं. तुम्ही त्याला मंद समजता.

वाचन मराठीत ठेवा, पण प्रार्थना ज्याच्या त्याच्या भाषेत करू द्या. पावरी, मावची, भिली, अहिराणी. सगळ्यांना कळलं नाही तरी चालतं. मी पहिल्यांदा जळगावात मावचीतून प्रार्थना ऐकली तेव्हा रडलो होतो.

आणि मुलं हळूच विचारतील, की गटात आलो तर जातपडताळणीला अडचण येईल का? तुमच्याकडे उत्तर तयार हवं. अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. अनुसूचित जातींचं वेगळं, १९५० च्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. म्हणून सरसकट "काही होत नाही रे" असं कोणालाही सांगू नका. ज्याचं प्रकरण समितीपुढे आहे त्याने वकिलाकडे जावं. आणि कोणाचे फोटो फेसबुकवर टाकू नका, अगदी नाताळचेही.

ताई_धुळे

फोटोंबद्दल शंभर टक्के सहमत. आणि मुलींचं? सगळा धागा पोरांवरच चाललाय. वसतिगृहाचं फाटक अंधार पडायच्या सुमारास बंद होतं. बुधवारी संध्याकाळी मुली येणारच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी दुपार लागेल आणि ती तुझ्या बायकोने घ्यायला हवी. तुझी बायको चहा करणारी नव्हे, गट चालवणारी. तिला विचारलंस का?

गिरणाकाठ

विचारलं नव्हतं, ताई. धागा तिला वाचायला दिला. ती म्हणाली, "शेवटी कोणीतरी विचारलं." शनिवारी दुपारी तीन, घरी न जाणाऱ्या मुलींसाठी, तिने ठरवूनही टाकलं.

गिरणाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. पहिल्या बुधवारी दोघं आले, दुसऱ्या बुधवारी पाच, तिसऱ्या बुधवारी चार आणि शेजारच्या खोलीतले दोन, जे फक्त जेवले आणि भांडी घासून गेले. बायकोकडे मुली तीन.

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघं जण छप्पर उकलून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात ना, तिथे एकाने विचारलं, "छप्पर कोणाचं होतं? दुरुस्तीचे पैसे कोणी दिले?" इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. कौलारू घरात वाढलेलाच असं विचारणार. अर्धा तास त्यावरच गेला. दुसऱ्याने विचारलं, प्रार्थना करूनही एम-थ्रीला (इंजिनिअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरला) एटीकेटी का लागली. याला उत्तर मी दिलं नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या पोराने दिलं, "दादा, आधी युनिट चार तर उघड." आणि खरोखर दुसऱ्या दिवसापासून तो त्याला शिकवतोय.

साऊंड सिस्टीम नाही. नवापूरकडच्या दादांचं ऐकून प्रार्थना ज्याच्या त्याच्या भाषेत ठेवली. पहिला पोरगा सुरू झाला तेव्हा मला एक शब्द कळला नाही. दुसऱ्याने मान वर केली, त्याच्या गावाजवळचाच निघाला. दोघं एका वर्गात आणि दोन वर्षं एकमेकांशी मराठीत बोलत होते.

आता अडचण वेगळीच आहे. पुढच्या बुधवारी वरण-बट्टीची मागणी आलीय आणि बट्ट्या मला येत नाहीत, बायको म्हणते तूच कर. दहा पोरांना किती पीठ मळू?

तापीलाईन

दोन किलो. कॉलेजची पोरं आहेत, अडीच धर. रवाळ दळून आण, मोहन सढळ घाल, आधी वाफवून मग तळ. आणि तूप कमी पडू देऊ नको.