मोठी पुंगळी खरोखर किती वेग देते? .२२३ की .२२-२५०

धागाकर्ता:
अमेरिकेतील दक्षिण डाकोटाच्या माळरानावर प्रेअरी डॉग (बिळांत वसाहती करून राहणारा खारीच्या कुळातला प्राणी) टिपण्यासाठी रायफल घेणाऱ्याला अनेक जण .२२-२५० रेमिंग्टन हे काडतूस सुचवतात. माझे मत मात्र .२२३ रेमिंग्टन या लहान काडतुसाच्या बाजूने आहे. दोन्हींच्या गोळीचा व्यास .२२४ इंचच असतो, फरक असतो तो पुंगळीत, म्हणजे दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्यात. पाणी भरून मोजल्यास .२२३ मध्ये सुमारे २९ ग्रेन (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) मावते आणि .२२-२५० मध्ये सुमारे ४५, म्हणजे दीडपटीहून अधिक. तरीही ५५ ग्रेनच्या गोळीचा कारखान्याने दिलेला वेग ३,२४० वरून ३,६८० फूट प्रतिसेकंद एवढाच होतो. ही वाढ जेमतेम १४ टक्के आहे. नळीचे छिद्र तेवढेच राहून दारू वाढली, की तिची बरीच ऊर्जा तप्त वायूबरोबर वाया जाते आणि आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा) जिथे सुरू होतात तो भाग लवकर झिजतो. प्रेअरी डॉगच्या वसाहतीत लागोपाठ बार काढावे लागतात, त्यामुळे हा तोटा मला फार मोठा वाटतो.

प्रतिसाद:
आपले आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मला पटत नाही. कायोटी (कोल्ह्यासारखा अमेरिकी प्राणी) तीनशे यार्डांवर क्षणभर थांबतो आणि अंतर मोजायला वेळ नसतो. २०० यार्डांवर नेम जुळवलेल्या रायफलची गोळी तिथे .२२-२५० प्रमाणे सहा इंच खाली जाते की .२२३ प्रमाणे आठ, यावर नेम ठरतो. वाऱ्याने होणारे विचलनही वेगवान गोळीचे कमी असते. दिवसाला दोन-चार बार काढणाऱ्याची नळी अनेक वर्षे टिकते. १९३५ साली आलेल्या .२२० स्विफ्ट या अशाच वेगवान काडतुसावर नळी लवकर झिजवण्याचा ठपका बसला, पण तापलेल्या नळीतून न थांबता बार काढणाऱ्यांचाही त्यात वाटा होता, असे माझे ठाम मत आहे.

धागाकर्ता:
कायोटीपुरते मान्य. परंतु .२२-२५० च्या आट्यांचा रूढ पीळ १४ इंचांत एक वेढा असा आहे, म्हणजे गोळीला फिरकी कमी मिळते, त्यामुळे ५५ ग्रेनच्या फार पुढची लांबट गोळी त्यातून स्थिर जात नाही. .२२३ मध्ये ८ किंवा ७ इंचांचा पीळ सहज मिळतो आणि ७५ ग्रेनची गोळी दूरवर वेग टिकवते.

प्रतिसाद:
हा दोष नळीचा आहे, पुंगळीचा नव्हे. ८ इंचांच्या पिळाची .२२-२५० घेतली, तर तीच जड गोळी .२२३ पेक्षा बऱ्याच अधिक वेगाने जाते, आणि मोठ्या पुंगळीचा उपयोग खऱ्या अर्थाने तिथेच होतो.