मेलेले एसीपी परत आले, आणि मढं मात्र हरवलं : ‘सीआयडी’च्या नव्या पर्वावर चर्चा

शनिवारवाला (धागाकर्ता)

‘सीआयडी’ला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला नाही. घरचा माणूस म्हणून बोलतोय. जानेवारी १९९८ मध्ये सोनी टीव्हीवर ही पोलिसी तपासाची मालिका सुरू झाली तेव्हा शाळेत होतो. २७ ऑक्टोबर २०१८ ला बंद पडली तेव्हा ऑफिसातून लवकर निघून शेवटचा भाग बघितला. आणि २१ डिसेंबर २०२४ ला ती परत आली त्या रात्री दहाच्या आधीच रिमोट ताब्यात घेऊन बसलो होतो.

त्यामुळे एप्रिल २०२५ मध्ये जे झालं ते मला लागलं. खलनायक बार्बोझाने (तिग्मांशू धूलिया, काम झकास) बॉम्ब लावला आणि तपास पथकाचे प्रमुख एसीपी प्रद्युमन (भूमिका शिवाजी सातम यांची) गेले. वाहिनीने ‘१९९८–२०२५’ असं लिहून श्रद्धांजलीचं चित्र टाकलं. लोकांनी खऱ्या माणसासाठी लिहावं तसं लिहिलं, मीही लिहिलं. मग एसीपी आयुष्मान म्हणून पार्थ समथान आला. त्याची आणि आपली धड ओळख होते न होते तोच प्रद्युमन जिवंत परत! अहो, आम्ही काय मूर्ख म्हणून सुतक पाळलं का?

मारायचं तर मारा, नसेल तर नका मारू. पण एकदा असं केलंत की पुढच्या प्रत्येक गोळीची किंमत जाते. आता पडद्यावर कुणाच्याही छातीवर बंदूक रोखली की मी पाणी प्यायला उठतो.

हे तरी एक वेळ सोडून देऊ. खरं दुखणं वेगळंच आहे. पूर्वी एक खून व्हायचा, चार संशयित असायचे, प्रयोगशाळेतले डॉ. साळुंखे काहीतरी सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि आपण घरात पैज लावायचो. नव्या पर्वाची सुरुवातच पथकातल्याच अभिजीत आणि दया यांच्या वैरातून झाली. मग टोळी, मग एसीपींचा मृत्यू, मग त्यांचं परतणं. पोलीसच बळी, पोलीसच संशयित, रडणारेही पोलीसच. ज्याचा खून झालाय त्याचं नावसुद्धा भाग संपेपर्यंत लक्षात राहत नाही. ही गुन्ह्याची मालिका राहिली नसून एका खात्याचं कौटुंबिक नाटक झालंय, एवढंच माझं म्हणणं.

फुटकं_दार

तुम्ही जुन्या काळाला फारच साखर लावताय. १९९८ ते २०१८, दीड हजाराच्या वर भाग झाले. त्यांतल्या मेलेल्या एका माणसाचं नाव सांगा बघू. फक्त एक. गुगल न करता.

नाही ना आठवत? मलाही नाही आठवत. पण अभिजीतची स्मृती गेली होती हे आठवतं, एसीपींनी स्वतःच्या मुलावर, नकुलवर गोळी झाडली हे आठवतं. म्हणजे तेव्हाही आपण याच लोकांसाठी बसायचो, मढं हे निमित्त. कीर्तनाला जाणारा माणूस गोष्ट नवी आहे म्हणून जातो का? गोष्ट पाठ असते, बुवा ती कशी रंगवतात ते बघायला जातो. दयाने दार फोडलं, एसीपींनी हवेत बोटं फिरवली, माझा शनिवार वसूल.

आणि मेलेल्याला परत आणलं म्हणून एवढं काय? शेरलॉक होम्सला त्याच्या जन्मदात्यानेच १८९३ मध्ये धबधब्यात ढकललं होतं आणि वाचकांच्या मागणीपुढे मान तुकवून परत काढलं. त्याला आपण अभिजात म्हणतो, आणि सोनी टीव्हीने तेच केलं की फसवणूक?

शनिवारवाला

होम्सचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं, थांबा जरा. १८९३ ला मारलं आणि जिवंत म्हणून परत आणलं १९०३ मध्ये. दहा वर्षं! मधे एक कादंबरी आली, पण ती त्याच्या मृत्यूच्या आधीची म्हणून सांगितली. म्हणजे मृत्यूचा मान ठेवला. इथे काही आठवड्यांत खेळ खलास. दहा वर्षं वाट बघितलेल्या माणसाचा आनंद आणि उन्हाळ्याच्या सुट्टीला गावी जाऊन आल्यासारखं परतणं, दोन्ही सारखं कसं?

नाव मात्र एकही आठवलं नाही, हे कबूल. पण प्रकरणं आठवतात की! २००४ मधला तो १११ मिनिटांचा भाग घ्या, एकही कट न घेता सलग चित्रित केलेला. त्यात कोण मेलं हे विसरलो असेन, पण सगळे एका घरात अडकलेत आणि कॅमेरा श्वासही घेत नाही, ती धाकधूक अजून अंगात आहे. ती या लोकांच्या घरगुती भांडणातून येत नाही.

तिरकस

दहा वर्षं थांबले असते तर सातम साहेब पंच्याऐंशीचे झाले असते. वाहिनीचा हिशोब मला समजतो.

आजीचा_रिमोट

तिरकस गमतीत बोलले, पण नेम बरोबर लागला. शिवाजी सातम यांचा जन्म १९५० चा. ज्या महिन्यात त्यांच्या एसीपीला बॉम्बने उडवलं त्याच महिन्यात त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली. खरा पोलीस अधिकारी अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसतो. हा एसीपी वर १७ वर्षं धावतोय, बढती नाही की काही नाही.

मी या माणसाला ‘सीआयडी’च्याही आधीपासून बघतेय. मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ लागायची, पोलिसांच्या फोन नंबरवरून नाव घेतलेली मराठी मालिका. ती ‘सीआयडी’ बनवणाऱ्या बी. पी. सिंग यांचीच, आणि तीतही सातम होते. बँकेतली नोकरी सांभाळून नाटकं करणारा माणूस. त्या मालिकेत आरडाओरडा नव्हता. साहेब कमी बोलायचे आणि समोरच्याला बोलू द्यायचे, तपास म्हणजे मुख्यतः पायपीट. ‘सीआयडी’ची मुळं तिथे आहेत, म्हणून शनिवारवाला म्हणतात ती हळहळ मला पटते.

पण मारणं आणि परत आणणं, दोन्ही मला पटलेलं नाही. माझा वाद तिसराच आहे. निवृत्त करायचं होतं! ब्युरोत एक साधा निरोप समारंभ, शाल, श्रीफळ, साळुंखे भाषण करायला उठतात आणि नेहमीसारखं टोमण्यावर येतात. माणसाला सन्मानाने नारळ द्या, आपल्याकडे दिलेल्या नारळाचे दोन्ही अर्थ होतातच. मग अडल्या प्रकरणात सल्ला विचारायला त्यांच्या घरी जा. दोन वर्षं पुरली असती ती कल्पना.

आणि त्या आयुष्मानचं काय केलंत? नव्या सुनेसारखं वागवलं पोराला. पहिल्या दिवसापासून सगळ्यांचं एकच, आमच्या आधीच्यांची सर नाही. घरातलेही तेच, शेजारचेही तेच. ती रुळायच्या आत सासूबाई परत.

फुटकं_दार

आजी, दंडवत. नारळाचा मुद्दा मान्य. पण तुम्ही सांगता तो भाग मी बघेन, तुम्ही बघाल, आणि बाकीचे दहा मिनिटांत चॅनल बदलतील. बॉम्ब फुटल्यावर मात्र वर्षानुवर्षं टीव्ही न बघणारी माणसंसुद्धा विचारायला लागली, काय झालं म्हणे? वाहिनीला तेच हवं होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत हे पर्व नेटफ्लिक्सवरही आलं. तिथे लोक एकामागून एक भाग बघतात. सुटी सुटी प्रकरणं त्यांना धरून ठेवत नाहीत, लांबलेला कट धरून ठेवतो. काळाप्रमाणे चालणं हा गुन्हा नाही.

काळा_कोट

गुन्ह्याचा विषय निघालाय म्हणून आत येतो. व्यवसायाने वकील, मालिकेचा चाहता, आणि घरच्यांचा शत्रू, कारण बघताना गप्प बसवत नाही.

तुमच्या वादात एक गोष्ट सुटतेय. दयाने एक ठेवून दिली की आरोपी सगळं ओकतो आणि प्रकरण मिटतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते २३ मध्ये आलंय. म्हणजे इतक्या वर्षांच्या त्या थपडांचं कोर्टात मोल शून्य. त्या कबुलीमुळे काही वस्तू सापडली, समजा पुरलेला सुरा निघाला, तर तेवढ्यापुरता भाग ग्राह्य धरला जातो. शिवाय फाशी होणार हे एसीपी परस्पर जाहीर करतात. फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगून ठेवलंय.

तर शनिवारवाला, जुन्या भागांत ‘तपास’ होता म्हणता, तो शेवटच्या पाच मिनिटांत थपडेवरच संपायचा. मढ्याला न्याय तेव्हाही मिळत नव्हता.

शनिवारवाला

वकीलसाहेब, थप्पड शेवटची पाच मिनिटं. त्याआधीचा पाऊण तास मी मागतोय.

आणि थपडेआधी साळुंख्यांचा अहवाल असायचा. एखादा धागा, नखातली माती, विषाचा अंश. विज्ञान कच्चं असेल, पण लहानपणी ‘फॉरेन्सिक’ हा शब्द मी शाळेत शिकलो नाही, या मालिकेत शिकलो. खून कुणी केला हे वस्तूंवरून कळतं, ही कल्पनाच तेव्हा नवी होती आमच्यासाठी.

काळा_कोट

ते मात्र खरं. गंमत म्हणजे कायदाच आता मालिकेच्या जवळ सरकलाय. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७६ (३) आहे. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेचा गुन्हा असेल तर न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, पुरावे गोळा करायचे, त्याचं चित्रीकरण करायचं. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत दिलीय. म्हणजे साळुंख्यांनी प्रयोगशाळेतून उठून जागेवर जाणं आता कायद्यातच आलं. फक्त ते एकटे पोस्टमॉर्टेम, रसायनं, गोळ्या आणि रक्तगट असं सगळं बघतात, तसं कुठे नसतं. शवविच्छेदन रुग्णालयात डॉक्टर करतात, व्हिसेरा, म्हणजे मृताच्या अवयवांचे नमुने, मुंबईत कलिन्याच्या प्रयोगशाळेत जातो, आणि अहवाल येईपर्यंत मालिकेचे कितीतरी भाग होऊन जातील.

लेखकांनी नुसती ही एक वाट पाहणं दाखवली तरी नवीन मालिका होईल. अहवाल आलेला नाही, आरोपीच्या जामिनाची तारीख जवळ येतेय, आणि एसीपी फोनवर फोन लावताहेत. बॉम्बची गरज नाही.

फुटकं_दार

आणि हे शनिवारी रात्री दहाला कोण बघणार? तुम्ही आणि न्यायाधीश.

तिरकस

न्यायाधीशही पुढची तारीख देतील.

आजीचा_रिमोट

हसा. पण वकील म्हणतात ती मालिका मी बघेन.

कोरा_पंचनामा

उशिरा येतोय. सगळे प्रद्युमन मेले, प्रद्युमन आले यावर भांडताय. मला नवीन पर्व बघताना दुसरीच जागा रिकामी दिसते. फ्रेडीची. ते काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले, मालिका परत यायच्या वर्षभर आधी. प्रेताजवळ भुतांना घाबरणारा, बायकोचं नाव काढलं की सावरून बसणारा इन्स्पेक्टर. त्याच्या विनोदावर मी कधी फारसा हसलो नव्हतो, खरं सांगायचं तर कंटाळायचो. आता ब्युरोत सगळे रांगेत उभे राहिले की नजर त्या कोपऱ्यात जाते.

म्हणून एप्रिलमधली खोटी श्रद्धांजली मला जास्त खुपली. ज्या मालिकेतला एक माणूस खरोखर गेलाय, तिने दुसऱ्याच्या मरणाची जाहिरात करायला नको होती. बाकी कथानकाचं काय ते तुम्ही बघा.

शनिवारवाला

हे मी लिहायला हवं होतं. सुचलं नाही.

फुटकं_दार

यावर वाद घालणार नाही. पंचनामावाले, बरोबर आहात.

एक मात्र सांगू? फ्रेडी आठवतो, मढी आठवत नाहीत. माझा मुद्दा तोच होता.

शनिवारवाला

आणि माझा असा, की फ्रेडी आठवतो कारण तो मढ्याजवळ घाबरायचा. त्याच्या भीतीमुळे तो मृतदेह आपल्याला एक क्षण तरी खरा वाटायचा. बाकीचे हातमोजे चढवून लगेच कामाला लागायचे, हा एकटाच मेलेल्या माणसाला बघून दचकायचा. आताच्या भागांत कुणी दचकत नाही. सगळे एकमेकांवर चिडलेले असतात.

आजीचा_रिमोट

हे पटलं. दारवाले, आता उत्तर द्या.

फुटकं_दार

विचार करतोय. उद्या देतो.

तिरकस

तोवर वकीलसाहेबांना एक शंका. ‘१९९८–२०२५’ असं छापून झाल्यावर माणूस जिवंत परतला तर मधल्या काळाचा पगार मिळतो की कुटुंबाला निवृत्तिवेतन सुरू झालेलं असतं?

काळा_कोट

मृत्यूचा दाखला निघाला असेल तर आधी तो रद्द करून घ्यावा लागेल, अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि चौकशीसह. दिलेलं निवृत्तिवेतन वसूल होईल. अनुपस्थितीचा काळ रजा धरायचा की कर्तव्य, यावर फाइल मंत्रालयात जाईल. आणि चौकशी अधिकारी सगळ्यात आधी विचारेल, पंचनाम्यात नोंदलेला मृतदेह मग कुणाचा होता?

शनिवारवाला

बघा! शेवटी मढ्यापाशीच आलात.