किडनी प्रत्यारोपणानंतर विषाणूविरोधी गोळी बंद होताना मुलाच्या तपासण्या चालू ठेवाव्यात का?

प्रश्न : एक वडील, सोलापूर

नमस्कार. माझ्या नऊ वर्षांच्या मुलावर डिसेंबरमध्ये पुण्यात किडनी प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. किडनी त्याच्या आईने दिली. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत, आणि सहा महिने पूर्ण होत आल्याने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ही विषाणूविरोधी गोळी आता बंद होणार आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) आणि ईबीव्ही (एपस्टाईन-बार व्हायरस) हे दोन्ही विषाणू आईला पूर्वी होऊन गेल्याचे दिसले होते. मुलाला मात्र त्यांपैकी एकही झालेला नव्हता. क्रिएटिनिन (किडनीचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातील घटक) स्थिर आहे, भूक चांगली आहे, मूल खेळते आहे. तरीही रक्तातील विषाणू शोधणाऱ्या पीसीआर तपासण्या दीर्घकाळ चालू ठेवण्यास डॉक्टरांनी सांगितले आहे. खर्च मोठा आहे, आणि घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की पोर ठणठणीत असताना त्याला सारख्या सुया कशाला टोचायच्या. शिवाय जूनमध्ये शाळा सुरू होईल, आणि धाकट्या मुलीच्या लसी बाकी आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : एक आई, बार्शी

दादा, तपासण्या थांबवू नका. आमच्या मुलीला ताप नव्हता, लघवीचा त्रास नव्हता, क्रिएटिनिनही वाढलेले नव्हते, आणि तरीही ठरलेल्या तपासणीत रक्तात बीके हा किडनीला बाधणारा विषाणू सापडला. डॉक्टरांनी मायकोफेनोलेटची मात्रा कमी केली आणि पुढील काही महिन्यांत विषाणूचे प्रमाण उतरले. प्रत्येक वेळी पुण्याला जाण्याची गरज नसते. आम्ही रक्त सोलापुरातच देतो आणि नमुना पुढे पाठवला जातो. फक्त प्रयोगशाळा दर वेळी एकच ठेवा, कारण निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

उत्तर २ : बालरोगतज्ज्ञ, सोलापूर

बार्शीच्या ताईंनी मुद्द्याचेच सांगितले आहे. आपल्या मुलाच्या बाबतीत तपासण्यांचे महत्त्व अधिक आहे, कारण दाता विषाणूबाधित आणि मूल अबाधित ही जोडी सर्वाधिक जोखमीची मानली जाते. गोळी चालू असेपर्यंत सीएमव्ही दबून राहतो. ती बंद झाल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत तो डोके वर काढू शकतो. ताप, मरगळ, जुलाब किंवा पांढऱ्या पेशी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास ‘साधा ताप’ समजून घरी थांबू नये.

ईबीव्हीचा प्रश्न निराळा आहे. बहुतेक प्रौढांना हा विषाणू लहानपणीच होऊन गेलेला असतो आणि तो शरीरात सुप्त राहतो. त्यामुळे आईच्या किडनीबरोबर तो मुलाकडे येऊ शकतो. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना तो प्रथमच झाला, तर त्याने ग्रासलेल्या बी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) अनिर्बंध वाढून लसिका ग्रंथींचा गंभीर विकार होण्याचा धोका असतो, आणि मुलांमध्ये हा धोका मोठ्यांपेक्षा अधिक आहे. मानेत गाठी येणे, टॉन्सिल सुजून मूल नव्याने घोरू लागणे, वजन घटणे, पोट वारंवार दुखणे या खुणा लक्षात ठेवाव्यात. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरवर या बाबतीत विसंबता येत नाही, म्हणून रक्तातील विषाणूचे प्रमाण पाहत राहणे हाच मार्ग उरतो.

बीके विषाणूवर तर खात्रीशीर औषधच नाही. तो किडनीतच वाढतो, आणि क्रिएटिनिन वाढेपर्यंत किडनीची हानी झालेली असू शकते. म्हणून साधारणतः पहिले नऊ महिने दरमहा आणि पुढे किमान दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी तपासणी सुचवली जाते.

या विषाणूंवरील उपचारात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बहुधा कमी करावी लागतात. पण ती प्रमाणाबाहेर कमी झाली तर शरीर किडनी नाकारते. हा तोल प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनीच सांभाळायचा असतो. घरच्या घरी एकही मात्रा वगळू नये. जुलाब झाल्यास किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे औषध दिल्यास टॅक्रोलिमसची पातळी वाढते, म्हणून जवळच्या दवाखान्यात गेल्यावर प्रथम चालू औषधांची यादी दाखवावी. आयब्युप्रोफेन टाळावे.

उत्तर ३ : प्रत्यारोपण विभागातील परिचारिका, पुणे

लसींविषयी लिहिते. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि तोंडावाटे दिला जाणारा पोलिओ या जिवंत (दुर्बल केलेले जिवंत विषाणू असलेल्या) लसी मुलाला आता सामान्यतः देता येत नाहीत. धाकट्या मुलीला गोवर आणि कांजिण्यांची लस अवश्य द्यावी, कारण तिचे संरक्षण हे भावाचेही संरक्षण आहे. मात्र तोंडावाटेचा पोलिओ डोस घरात कोणालाही देऊ नये. पोलिओ रविवारी स्वयंसेवक दारी आले, तर घरात प्रत्यारोपण झालेले मूल असल्याचे सांगावे आणि मुलीला इंजेक्शनची लस द्यावी. कांजिण्यांच्या लसीनंतर मुलीच्या अंगावर पुरळ आले, तर ते जाईपर्यंत दोघांना वेगळे ठेवावे. इन्फ्लुएन्झाची इंजेक्शनची लस दरवर्षी घरातील सर्वांनी घ्यावी.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. तपासण्या चालू ठेवतो. शाळेला नेमके काय लिहून द्यावे?

उत्तर ४ : बालरोगतज्ज्ञ, सोलापूर

वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर झाल्याचे कळताच त्याच दिवशी दूरध्वनी करावा, एवढे पत्रात स्पष्ट लिहावे. कांजिण्या निघाल्या की कडुनिंबाचा पाला अंथरून कोणालाही न कळवता घरीच थांबण्याची रीत आपल्याकडे अजून आहे, त्यामुळे वर्गशिक्षकांना समक्ष भेटून हे समजावणे बरे. संपर्कानंतर द्यावयाचे प्रतिपिंडांचे इंजेक्शन कांजिण्यांसाठी दहा दिवसांच्या आत आणि गोवरासाठी सहा दिवसांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितका त्याचा उपयोग अधिक. ते मिळवण्यातही वेळ जातो. म्हणून कोठे उपलब्ध होईल याची चौकशी शाळा सुरू होण्यापूर्वीच करून ठेवावी.