कॅलिफोर्नियातल्या रांचोवाल्यांच्या जमिनी: कायदेशीर निवाडा की लूट?

मिलपिटासकर:
बे एरियातल्या आपल्या मराठी लोकांनी हे वाचायला हवं असं मला फार वाटतं म्हणून धागा काढतोय. मिलपिटास, सनीवेल, ओकलंड ही सगळी गावं जुन्या रांचोंवर वसलीत, म्हणजे आधी स्पेनने आणि मग मेक्सिकोने लोकांना दिलेल्या जमिनींवर. मेक्सिकोशी युद्ध संपवून कॅलिफोर्निया घेणाऱ्या १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहात अमेरिकेने कबूल केलं की इथल्या मेक्सिकन लोकांच्या मालमत्तेला हात लावणार नाही, आणि तीनच वर्षांत, १८५१ ला, कायदा आणला की दोन वर्षांच्या आत जमिनींचे दावे तपासणाऱ्या कमिशनपुढे येऊन जमीन आपलीच आहे हे सिद्ध करा नाहीतर ती सरकारजमा. ज्याचा ताबा त्यानेच पुरावा द्यायचा! सुनावण्या जवळपास सगळ्या सॅन फ्रान्सिस्कोत, कोर्टाची भाषा इंग्रजी, आणि पक्का कागद हातात यायला सरासरी १७ वर्षं. ही लूटच आहे.

सातबारा_प्रेमी:
नाही पटलं. एकूण ८१३ दावे आले त्यातले ६०० च्या वर मंजूर झाले, म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश. लुटायचंच असतं तर एवढे मंजूर कशाला केले असते? मेक्सिकोच्या काळातले नकाशे बघा, हाताने काढलेले, हद्द म्हणजे हा डोंगर, तो ओढा, अमुक ओकचं झाड. त्यात लिमांतूर नावाच्या माणसाने सॅन फ्रान्सिस्को शहराच्याच मोठ्या भागावर खोटे कागद दाखवून दावा ठोकला होता, तो १८५८ ला फेटाळला गेला. तपासणी न करता कोणतं सरकार अशा जमिनी मान्य करेल? आणि हुआना ब्रिओनेस, जिला लिहितावाचता येत नव्हतं, तिने याच कायद्याखाली आपला रांचो राखला.

मिलपिटासकर:
मंजूर झाले म्हणजे जमीन राहिली असं नाही हो, मुद्दा तिथेच आहे. ओकलंडचं पेराल्टा घराणं घ्या. १८२० ची जमीन, ४४ हजार एकरांच्या वर. सुप्रीम कोर्टाने १८५६ ला हक्क मान्य केला पण पेटंट, म्हणजे तो पक्का कागद, सगळ्यांच्या हातात यायला १८७० चं दशक उजाडलं! मधल्या काळात लोक येऊन बसले, झाडं तोडली, गुरं मारली, आणि १८५२ मध्ये त्यांच्याच जमिनीवर शहरसुद्धा स्थापन झालं. वकिलाची फी आणि कर्जाचं व्याज भरायला जमीन विकायची, मग १८६२ नंतरच्या दुष्काळात गुरं मेली, म्हणजे उत्पन्नही गेलं. केस जिंकून माणूस कंगाल, याला काय म्हणायचं?

रानवाटा:
तुम्ही दोघं भांडताय ती जमीन मुळात ओहलोनी, मीवोक वगैरे मूळ रहिवाशांची, म्हणजे इथल्या 'इंडियन' लोकांची होती हे कोणीच का बोलत नाही? मेक्सिकोने मिशन्स (स्पॅनिश पाद्र्यांच्या वसाहती) बरखास्त केली तेव्हा १८३४ ला ठरलं होतं की मिशनच्या निम्म्या मालमत्तेचं वाटप तिथल्या इंडियन लोकांना करायचं. प्रत्यक्षात बहुतेक जमीन गेली लष्करी अधिकारी आणि त्यांच्या नातलगांकडे. वायेहो नावाचा लष्करी अधिकारी तर सोनोमाच्या मिशनचा कारभारी होता आणि त्याच वर्षी त्यालाच पेटालुमाचे ४४ हजार एकर मिळाले, आणि तिथे राबत कोण होतं तर तेच इंडियन. ब्रिओनेसबाईंचं उदाहरण वर दिलंय ना, तो रांचो आधी गोर्गोनियो नावाच्या ओहलोनी माणसाला मिळाला होता, त्याच्याकडून तिने १८४४ ला विकत घेतला. जमीन मिळालेल्यांत अशी इंडियन नावं फार थोडी.

सातबारा_प्रेमी:
हे मान्य, पण मग १८५१ च्या कमिशनला दोष कसा? वाटप मेक्सिकोच्या गव्हर्नरांनी केलं. कमिशनने फक्त कागद तपासले.

रानवाटा:
फक्त कागद? दक्षिण कॅलिफोर्नियातल्या वॉर्नर्स रांचवरचे कुपेन्यो हे इंडियन लोक गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी आधीपासून राहत होते. १९०१ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की तुम्ही १८५१ च्या कायद्याप्रमाणे मुदतीत दावा केला नाही म्हणून तुमचा हक्क संपला. त्यांना तो दावा करायचा असतो हे सांगितलं कोणी होतं? १९०३ च्या मे महिन्यात गाड्यांत सामान भरून सगळ्यांना पाला नावाच्या गावी हलवलं. म्हणून मिलपिटासकर, तुमचा राग मला समजतो पण तो पेराल्टांपाशी थांबू नये, तोच कायदा त्यांच्यापेक्षा कुपेन्योंना जास्त लागला, पेराल्टांना निदान कमिशनपुढे उभं राहता आलं.