मदत हवी आहे: तुर्कस्तानचा लिशिया किनारा, सोबत सत्तरीतले आई-बाबा

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आई-बाबांना घेऊन तुर्कस्तानला जातोय. इस्तंबूल आणि कप्पाडोकियाचं ठरलंय. अडलंय ते अंताल्या ते फेथिये या भूमध्य किनाऱ्यावर, म्हणजे प्राचीन लिशियात.

बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. लंडनला भावाकडे गेले असताना ब्रिटिश म्युझियममध्ये ते दोन गोष्टींपुढून हलेनात: लिशियातल्या झँथोस या प्राचीन शहरातलं नीरीड स्मारक आणि पायावाची कबर. या कबरीचं दगडी झाकण वर टोकदार होत जातं आणि तुळया-वाशांची टोकं दगडातच कोरून काढलेली आहेत. वर्षानुवर्षं मुलांना भाजे लेण्यात नेणाऱ्या माणसाला तिथे चैत्यकमान आठवली नसती तरच नवल! चार्ल्स फेलोज या इंग्रज प्रवाशाने 1840 च्या दशकात हे सगळं जहाजातून इंग्लंडला नेलं. नीरीड स्मारकाचा नुसता चौथरा झँथोसला उरलाय आणि बाबांना तो चौथरा बघायचाय. त्यासाठी बाकी काहीही सोडायची त्यांची तयारी आहे.

मला स्वतःला पातारा चुकवायचं नाही. लिशियन संघाची, म्हणजे लिशियातल्या शहरांच्या संघाची, सभा भरायची ते सभागृह तिथे आहे. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की संघात 23 शहरं होती. मोठ्यांना तीन मतं, मधल्यांना दोन, लहानांना एक. अमेरिकेच्या राज्यघटनेवर वाद चालू असताना 1787 मध्ये तिथले नेते अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी याच संघाचा दाखला दिला होता.

अडचण अशी की आईचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर ती आरामात चालते, पायऱ्या मात्र जमत नाहीत. मग मायरा, केकोवा, यानारताश यातलं काय ठेवावं, काय गाळावं? मुक्काम काशला करावा की फेथियेला? स्वतः गाडी चालवावी का? आणि आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. कोणी वयस्कर मंडळींना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, त्यावरून सांगते. मुक्काम काशलाच करा. एका बाजूला पातारा, दुसऱ्या बाजूला देम्रे (मायरा तिथेच आहे), दोन्हीकडे साधारण तासाभरात पोचता. रस्ता सुरेख, पण समुद्राच्या कडेने वळणं फार आणि गाडी उजव्या बाजूने चालवायची. सवय नसेल तर ड्रायव्हरसकट गाडी घ्या.

झँथोसचा चौथरा शोधावा लागणार नाही. किनिक गावातून वर चढताना, थिएटरच्या अलीकडे, जुन्या वेशीजवळच आहे. थिएटरला लागून हार्पी कबर उभी आहे, तिच्यावरची शिल्पं मात्र साच्यातून काढलेल्या प्रती आहेत. तिथून जवळच लेतोऑन हे प्राचीन देवस्थान. सगळं सपाट, देवळांच्या पायात पाणी साचलेलं. ग्रीक, लिशियन आणि अरामाईक अशा तीन भाषांतला प्रसिद्ध शिलालेख इथेच सापडला. तो आता फेथियेच्या संग्रहालयात आहे, बाबांना नक्की दाखवा.

मायरा ठेवा. कड्यातल्या कबरी खालूनच बघायच्या असतात, त्यामुळे आईंना त्रास नाही. केकोवाला उचाआझ गावाहून बोट घ्या. भूकंपाने खचलेल्या वस्तीचे जिने पाण्यात उतरत गेलेले बोटीतूनच दिसतात. तिथल्याच सिमेनाच्या किल्ल्यावर आईंना नेऊ नका, चढ उभा आहे. यानारताशही सोडा, दगडातून निघणाऱ्या ज्वाळा बघायला बराच डोंगर चढावा लागतो.

जेवणाची फार काळजी नको. मसूर डाळीचं सूप, म्हणजे मर्जिमेक चोर्बा, सगळीकडे मिळतं, पण ते कधी कधी मांसाच्या पाण्यात शिजवतात, तेव्हा आधी विचारा. पालक किंवा बटाटा भरलेलं गोझलेमे, म्हणजे पातळ पोळी, समोर तव्यावर भाजून देतात, फक्त कणकेत अंडं नाही ना हे तेवढं विचारून घ्या.