प्रति: प्रार्थना करूनही काहीच बदलत नाही

ताई, तुम्ही विचारलंत, "माझा विश्वासच कमी पडतोय का?" मला तसं अजिबात वाटत नाही. प्रेषित पौलाने, म्हणजे येशूचा संदेश पोहोचवणाऱ्या त्या थोर शिष्याने, "शरीरातला काटा" (त्याला सतत छळणारा एक त्रास) निघावा म्हणून प्रभूला ३ वेळा विनवलं, तरी तो निघाला नाही. मिळालं ते "माझी कृपा तुला पुरेशी आहे" एवढंच उत्तर. त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझ्या तोंडून प्रार्थनेचा शब्द फुटत नसे. मंडळीतल्या एक मावशी रोज संध्याकाळी येऊन नुसत्या शेजारी बसायच्या. एकदा त्यांनी माझ्या मांडीवर बायबलमधलं स्तोत्र ८८ उघडून ठेवलं. त्याचा शेवट अंधारातच होतो, स्तुतीकडे वळत नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे! त्या दिवशी मी किती रडले. स्तोत्र १३ मध्ये तर पहिल्या दोनच ओव्यांत "कुठवर?" असं ४ वेळा विचारलंय. ही तक्रार आहे खरी, पण देवाकडेच केलेली.

आणि खुद्द येशूने वधस्तंभावर स्तोत्र २२ मधलाच आक्रोश केला: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" (मला हे नेहमी फार जवळचं वाटतं.)

उपासनेला जायचं तेवढं सोडू नका. गाता आलं नाही तरी चालेल, बाकीचे गातील.